जांभईचं पान

फोन वाजला तेव्हा जांभईबाईंचा नवा लेख इन्स्पेक्टर वाचत होत्या. कचेरीत, कामाच्या वेळात, फायलीच्या आड मोबाइल धरून.

"मॅडम, एक बाई जिन्यावरून पडून गेल्यात," टेबलावरच्या फोनमधून हवालदार म्हणाला. "निवृत्त शिक्षिका. अपघातच दिसतोय. पण धाकटी बहीण काहीबाही बोलतेय. म्हणते, ताईला मीच मारलं."

"काय करायच्या त्या?"

"पुस्तकांवर लिहायच्या म्हणे, इंटरनेटवर. 'जांभई' की काय नाव आहे ब्लॉगचं."

इन्स्पेक्टरांनी हातातल्या पडद्याकडे पाहिलं. लेख येऊन फार वेळ झाला नव्हता. खाली वाचकांचे अभिप्राय पडतच होते. कुणीतरी विचारलं होतं, 'बाई, आज एवढ्या खुशीत कशा?' त्या प्रश्नाला आता उत्तर येणार नव्हतं.

जांभईबाई हे अर्थातच वाचकांनी ठेवलेलं नाव. शाळेतून निवृत्त झाल्यावर हौस म्हणून त्यांनी ब्लॉग सुरू केला. जाहिरात नाही, कुणाची भीडभाड नाही. वाचलेल्या पुस्तकावर चार शब्द लिहायचे आणि शेवटी एक ओळ टाकायची, पहिली जांभई कोणत्या पानावर आली त्याची. 'जांभई: पान बारा' अशी ओळ आली की त्या लेखकाला आठवडाभर जेवण जात नसे. भल्याभल्यांची पुस्तकं त्या ओळीतून सुटली नव्हती.

आजच्या लेखाची शेवटची ओळ मात्र वेगळी होती. 'जांभई: आलीच नाही.'

इन्स्पेक्टरांनी मोबाइल खिशात टाकला आणि गाडी काढायला सांगितली. या बाईला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण रोज रात्री तिचं लिहिलेलं वाचून त्या झोपत होत्या.

घर दुमजली, अरुंद. दार उघडलं की समोरच जिना, आणि जिन्याच्या तळाशी चादरीखाली ताई. वरच्या खोलीतून संगणकाचा निळसर उजेड खालपर्यंत झिरपत होता. तो बंद करायची कुणाची हिंमत झाली नव्हती.

धाकटी बहीण खुर्चीत ताठ बसली होती. एक गाल सुजलेला, डोळे कोरडे.

"तुम्ही मारलं म्हणता. कसं?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"वरून तिसऱ्या पायरीची पितळी पट्टी सुटलीय. सुताराला बोलवायचं काम माझ्याकडे होतं. आज बोलावते, उद्या बोलावते, असं करत मी दिवस काढले."

"ताईंना पट्टीचं माहीत नव्हतं?"

"होतं की. आम्ही दोघीही ती पायरी टाळायचो. पण आज ती खुशीत असणार. लेख टाकला की लगबगीनं खाली यायची, मला वाचून दाखवायला. आज मी दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. मला शोधायला निघाली असेल, आणि..." तिने सुजलेला गाल तळहाताने दाबून धरला. "आळस माझा, जीव तिचा गेला. तुम्ही अपघात लिहा, काही लिहा. मला ठाऊक आहे काय झालं ते."

इन्स्पेक्टर जिना चढल्या. तिसऱ्या पायरीपाशी वाकून त्यांनी टॉर्च मारला. पट्टी सुटलेली होती खरी, पण जागच्या जागी होती. तिच्या फटीत साचलेल्या धुळीचा थर जसाच्या तसा होता. त्यांनी पट्टीला बोट लावलं. धूळ लगेच विस्कटली.

वरच्या खोलीत टेबल, दोन खुर्च्या, चारही भिंतींना पुस्तकं. दुसरी खुर्ची टेबलाजवळ ओढलेली होती. संगणकावर लेख उघडा होता आणि शेजारी ती कादंबरी, कोरी करकरीत. गावातल्याच एका नामवंत कादंबरीकारांची. बाजारात यायला अजून अवकाश होता. ही प्रत प्रकाशकाने आगाऊ पाठवलेली.

इन्स्पेक्टरांनी लेख पुन्हा वाचला. 'तळ्याकाठचं प्रकरण निव्वळ कल्पनेच्या जोरावर उभं आहे. नायक बायकोचा चष्मा अलगद काढून घेतो, तिथे माझा हात थरथरला. हे लेखकाला सुचलं तरी कसं, म्हणून मी थक्क झाले.'

बाईंच्या फोनमध्ये सकाळी कादंबरीकारांना धाडलेला एक निरोप होता. 'तुमच्या पुस्तकातल्या तळ्याच्या प्रकरणाबद्दल समक्ष बोलायचं आहे. आज घरी या. येताना तुमच्याकडची प्रत आणा.' त्यानंतर कादंबरीकारांचा एक छोटासा फोन आलेला.

"या कादंबरीकारांची ओळख होती का?" खाली येऊन इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"चांगलीच. त्यांची बायको ताईच्या शाळेत चित्रकला शिकवायची. ताईची जिवाभावाची मैत्रीण. बरीच वर्षं झाली, तळ्यात बुडून गेली. शाळा सुटल्यावर तशीच चित्र काढायला गेली होती, पाय घसरला म्हणतात. नवरा त्या दिवशी पहाटेच परगावी गेलेला. चष्म्याशिवाय तिला हात लांब केला तर हात दिसत नसे, आणि चष्मा शेवटपर्यंत मिळाला नाही."

"तुम्हाला बरंच आठवतंय."

"ताईमुळे. त्या दिवशी मधल्या सुट्टीत चष्म्याची काडी निखळली, तर ताईने स्वतःच्या शिवणाच्या डब्यातला निळा दोरा गुंडाळून दिला. म्हणायची, मी तिच्यासाठी केलेलं शेवटचं काम, आणि तेही धड नाही. पक्की गाठ मारली असती तर चष्मा पडला नसता." धाकटीने डोळे मिटले. "बघा, तिची तशी गाठ, माझी तशी पट्टी."

"समक्ष बोलायचं आहे, असं ताईंनी त्यांना का कळवलं असेल?"

"काहीतरी वाईट असणार. तिचा तसा नियमच होता. चांगलं असेल ते लिहून कळवायचं, वाईट असेल ते समोर बसून, चहा देऊन सांगायचं. फोनवर वाईट बातमी देणाऱ्या माणसाला काळीज नसतं म्हणायची."

"आणि जांभईचं पान? ते कसं लक्षात ठेवायच्या?"

"पेन्सिलीनं. जांभई आली की पानाच्या कोपऱ्यात एक ठिपका. मलासुद्धा खूप उशिरा कळलं ते."

इन्स्पेक्टरांनी कादंबरी ताब्यात घेतली.

दुसऱ्या दिवशी कचेरीचं दार लावून त्या वाचायला बसल्या. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांच्या कागदातून फारसं काही निघालं नव्हतं. मान मोडली. केव्हा, ते नक्की सांगता येत नाही. थंडीत सांगता येत नसतंच.

"कसं आहे पुस्तक?" हवालदाराने चहा ठेवत विचारलं.

"या माणसाला कुणीतरी आवरायला हवं. नायक आगगाडीत बसतो, खिडकीबाहेर बघून उसासे टाकतो, उतरतो. मी पान उलटते तर हा बाबा परत आगगाडीत. तेच उसासे."

"मोठे लेखक असतात मॅडम. आपल्याला नाही कळायचं."

इन्स्पेक्टरांनी मोठ्ठी जांभई दिली आणि पानं मागे उलटली. हात थांबला. एकेचाळिसाव्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीचा एक बारीक ठिपका होता.

चहा तसाच राहिला. ठिपका आहे, म्हणजे जांभई आली होती. आणि लेख म्हणत होता, आलीच नाही. जी बाई जांभईच्या बाबतीत कुणाचा मुलाहिजा ठेवत नव्हती, ती स्वतःच्या लेखात खोटं लिहील?

तो लेख बाईंनी लिहिलाच नव्हता. त्यांच्या खुर्चीत बसून, त्यांच्या नावानं, दुसऱ्याच कुणीतरी लिहिला होता. आणि त्या वेळी बाई जिन्याच्या तळाशी होत्या.

पहिला आला भाचा, धाकटीचा मुलगा. ब्लॉग त्यानेच उभारून दिला होता.

"मावशीच्या संगणकाचा पासवर्ड?"

"नव्हताच. दिवसभर उघडा असायचा. मी सांगून थकलो."

"लेख आधी लिहून, नंतरची वेळ लावून ठेवता येतो ना? आपोआप प्रसिद्ध व्हावा म्हणून?"

"येतो. पण मावशीनं ते कधीच केलं नाही. बटण स्वतः दाबल्याशिवाय तिचं समाधान व्हायचं नाही."

"कालचा लेख बघून सांगा."

त्याने इन्स्पेक्टरांच्या संगणकावर ब्लॉगची आतली बाजू उघडली. बघता बघता त्याचा चेहरा बदलला. "वेळ लावलेली दिसतेय. हे कसं काय?"

"तुम्ही ही कादंबरी वाचलीय?"

"मी? मॅडम, मावशी जन्मभर माझ्या मागे लागली, पण मी पाठ्यपुस्तकाशिवाय पुस्तक उघडलेलं नाही." हे सांगताना तो हसला, आणि मग एकदम रडायलाच लागला.

प्रकाशक आले ते घाम पुसत. काल दिवसभर ते छापखान्यात, चारचौघांच्या देखत बांधणीवाल्याशी भांडत होते.

"कशावरून भांडण?"

"धंद्यातल्या कटकटी हो. पहिल्या थोड्या प्रती घाईत बांधल्या, त्यात त्याने घोळ घातला. कृपा करून लेखकांच्या कानावर घालू नका, ते मला फाडून खातील. आधीच काल फोन करून ऐनवेळी एक ओळ बदलायला लावलीय. छापून झालेल्या पुस्तकात! मी कपाळावर हात मारून घेतला."

इन्स्पेक्टरांनी कोणती ओळ ते विचारलं. उत्तर त्यांनी शब्द न् शब्द टिपून घेतलं. मग म्हणाल्या, "मला एक नीट बांधलेली प्रत पाठवा. आत्ताच्या आत्ता."

कादंबरीकार शेवटी आले. पांढरे केस, मऊ आवाज, खांद्यावर शाल.

"फार मोठी वाचक गेली," ते म्हणाले. "आणि माझ्यावर लिहून गेली. हे ओझं मी कुठे ठेवू?"

"त्यांनी तुम्हाला घरी बोलावलं होतं."

"हो. मी फोन करून सांगितलं, आज जमणार नाही, वाचनालयात माझं भाषण आहे. लेख आला तेव्हा मी भरल्या सभागृहात बोलत होतो. श्रोत्यांतल्याच कुणीतरी मोबाइलवर वाचून दाखवला."

"फोनवर काय म्हणाल्या त्या?"

"तळ्याचं प्रकरण वाचून डोळ्यांत पाणी आलं म्हणाली. ओळीन् ओळ पाठ झाल्यासारखी बोलत होती." त्यांनी चष्मा काढून पुसला. "माझ्या बायकोची मैत्रीण ती. तिने ते प्रकरण वाचून मला शाबासकी दिली, यापेक्षा मोठं काय असतं?"

"उद्या संध्याकाळी त्यांच्या घरी या," इन्स्पेक्टर म्हणाल्या. "मला सगळ्यांशी एकदमच बोलायचंय."

खालच्या खोलीत सगळे दाटीवाटीने बसले होते. धाकटी जिन्याकडे पाठ करून बसली होती. बाईंची प्रत इन्स्पेक्टरांच्या मांडीवर होती.

"आधी पट्टी," त्या म्हणाल्या. "बाईंचा पाय त्या पट्टीला लागलाच नाही. खालची धूळही हलली नव्हती. नुसतं बोट टेकवलं तर ती विस्कटते. बाई नेहमीप्रमाणे ती पायरी टाळूनच उभ्या होत्या. त्यांना ढकललं."

धाकटीने मान वर केली.

"ढकलणारा वर खोलीत बसून बोलत होता. दुसरी खुर्ची टेबलाजवळ ओढलेली होती. मग बाई उठून जिन्यापर्यंत आल्या, आणि तो त्यांच्या मागे. नंतर तो परत वर गेला, उघड्या संगणकावर लेख लिहिला, पुढची वेळ लावली आणि निघून गेला. लेख बाहेर आला तेव्हा तो चार लोकांच्या नजरेसमोर असणार होता."

"हे कुणीही करू शकतं," कादंबरीकार म्हणाले.

"कुणीही नाही. पुस्तक बाजारात नव्हतं, म्हणजे लिहिणाऱ्याला ते आधीच माहीत हवं. भाच्यानं वाचलेलं नाही. प्रकाशक छापखान्यातून हलले नव्हते. आणि दुसरं असं, की नुसती वेळ झाकायची असती तर माणसानं जांभईला कुठलंही एक पान ठोकून दिलं असतं. 'आलीच नाही' असं लिहायचा मोह जगात फक्त एकाच माणसाला होईल. ज्याचं पुस्तक आहे त्याला."

"हा तर्क झाला. पुरावा नव्हे."

"काल तुम्ही म्हणालात, तळ्याचं प्रकरण वाचून बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ओळीन् ओळ पाठ होती."

"होती! तिने स्वतः सांगितलं मला."

इन्स्पेक्टरांनी पुस्तक त्यांच्या हातात दिलं. "ही बाईंची प्रत. त्यातलं तळं मला दाखवा."

कादंबरीकारांनी पानं उलटली. पुढे गेले. मागे आले. परत पुढे गेले. खोलीत फक्त कागदाचा आवाज होता.

"सापडणार नाही," इन्स्पेक्टर म्हणाल्या. "पुस्तक सोळा-सोळा पानांचे गठ्ठे शिवून बांधतात, त्यांना फर्मे म्हणतात. बांधणीवाल्याने या प्रतीत आगगाडीचा फर्मा दोनदा घातला आणि त्यापुढचा राहून गेला. अख्खं तळं त्या राहिलेल्या फर्म्यात आहे. मीसुद्धा आधी लेखकालाच नावं ठेवली, पानांचे आकडे नंतर पाहिले. प्रकाशकांनी भीतीपोटी तुम्हाला सांगितलं नाही. आणि त्या दिवशी प्रत तुमच्या हाताशी पडली होती, पण आपलंच पुस्तक कोण उघडून बघतो?"

प्रकाशकांनी खाली मान घातली.

"बाईंनी जे प्रकरण पाहिलंच नाही, त्याचं त्यांच्या लेखात कौतुक आहे. का? कारण तुम्हाला त्यांच्या सहीचं प्रमाणपत्र हवं होतं. मैत्रिणीनंच म्हटलं 'निव्वळ कल्पना', की पुढे कुणी शंका काढणार नाही. प्रकाशक, यांनी कोणती ओळ बदलायला लावली?"

प्रकाशक पुटपुटले, "चष्म्याची. 'काडीला गुंडाळलेला निळा दोरा त्याने हळूच सोडवला.' दोरा काढून टाका म्हणाले."

धाकटीच्या तोंडून एक बारीकसा आवाज निघाला.

"तो दोरा ताईंनी मधल्या सुट्टीत बांधला," इन्स्पेक्टर म्हणाल्या. "बायको शाळेतून थेट तळ्यावर गेली. तुम्ही पहाटेच परगावी गेला होतात म्हणे. मग दोरा तुम्ही कुठे पाहिलात? इतकी वर्षं तो तुमच्या डोळ्यांसमोर होता, लिहिताना आपसूक उतरला. बाईंचा निरोप आला, तुम्ही प्रकरण पुन्हा वाचलं, आणि तेव्हा तुम्हाला आठवलं की सकाळी काडी शाबूत होती. बाईंनी ओळखलं, अशी तुमची खात्री पटली. इथे आलात. त्या पुस्तकाकडे वळायच्या आधी चहा करायला म्हणून उठल्या असतील, किंवा तुम्हीच उठलात, ते तुम्ही सांगाल."

यापुढे त्याला अहो-जाहो करायचं काही कारण उरलं नाही. तो हातातल्या प्रतीकडे बघत राहिला. शाल खांद्यावरून घसरली, ती त्याने उचलली नाही.

"चहा टाकते म्हणाली," तो म्हणाला. "आधी चहा, मग बोलू. इतकी शांत होती की मला वाटलं, तिला सगळं कळलंय. जिन्यात ती पुढे होती." मग एकदम त्याने विचारलं, "पण तिने वाचलंच नव्हतं, तर मला बोलावलं कशाला?"

उत्तर धाकटीनं दिलं. "पानं मागायला." ती उभी राहिली होती. "तुमचं पुस्तक बिघडलंय, हे तुम्हाला फोनवर सांगितलं तर तुमच्या जिवाला लागेल, म्हणून. तुमच्या प्रतीतून ते प्रकरण वाचून घेणार होती. पूर्ण वाचल्याशिवाय ती कुणावर लिहीत नसे."

हवालदाराने त्याला दंडाला धरून उठवलं. भाचा आईजवळ जाऊन उभा राहिला. तिने जिन्याकडे तोंड फिरवून पहिल्यांदाच वर पाहिलं, तिसऱ्या पायरीकडे, आणि आता कुठे तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

दारापाशी तो माणूस थांबला. इन्स्पेक्टरांना वाटलं, क्षमा मागेल.

"बाकीचं तर तिने वाचलं होतं ना?" त्याने हलक्या आवाजात विचारलं. "कसं वाटलं तिला?"

धाकटीने पदराने डोळे पुसले, मागे राहिलेली ताईची प्रत उचलली आणि कोपऱ्यातला ठिपका सापडेपर्यंत पानं चाळली.

"जांभई, पान एकेचाळीस," ती म्हणाली, आणि त्याच्यामागे दार लावून घेतलं.